प्रोलॉगचा माग आणि त्याची व्याख्या

१९७२ साली मार्सेय येथे अलाँ कोल्मेरोअर व फिलिप रूसेल यांनी 'प्रोलॉग' ही संगणकभाषा सिद्ध केली, ती फ्रेंच वाक्यांचे आकलन यंत्राकडून करवून घ्यावे या हेतूने. भाषाभ्यासकास तिचे हे कूळ विसरता येण्याजोगे नाही. तीत विधाने मांडावयाची व प्रश्न विचारावयाचा; उत्तराची वाट शोधणे हे यंत्राचे काम. परंतु उत्तर चुकले, की यंत्र कोणत्या वाटेने गेले हे पाहावेच लागते. या वाटचालीच्या नोंदीस 'माग' म्हणता येईल.

एडिंबरोच्या लॉरेन्स बर्ड याने १९८० साली हंगेरीतील डेब्रेत्सेन येथील परिसंवादात या मागाचे एक चित्र मांडले. प्रत्येक उद्दिष्ट ही एक पेटी; तिला चार दारे: आवाहन, सिद्धी, पुनःप्रवेश आणि वैफल्य. दशरथ हा रामाचा पिता, राम हा लवाचा व कुशाचा पिता, आणि पित्याचा पिता तो आजा, एवढे सांगून 'दशरथ कोणाचा आजा?' असे विचारले, तर आजाच्या पेटीत पित्याच्या दोन पेट्या क्रमाने सिद्ध होऊन 'लव' हे उत्तर येते. दुसरे उत्तर मागताच यंत्र पुनःप्रवेशाच्या दाराने आत शिरते व दुसरी पेटी 'कुश' देते. तिसरे मागितल्यास वैफल्य. वैयाकरण रूपसिद्धी दाखविताना बहुधा सफल वाटच लिहितो. येथे फसलेली वाटही नोंदली जाते, आणि दोष पुष्कळदा तिच्यातच सापडतो.

चित्र सुबोध होते. काटेकोर व्याख्या मात्र नव्हती. वरील उदाहरणात पित्याच्या पहिल्या पेटीत दुसरा पर्याय मुळातच नाही. मग परतताना तीत शिरून वैफल्य नोंदवावे, की ती वगळावी? बाहेरच्या पेटीच्या दाराने क्रमशः आत जावे, की उरलेल्या पर्यायापाशी थेट उडी घ्यावी? निरनिराळ्या प्रणालींनी आपापल्या सोयीने निर्णय केले, आणि एकाच आज्ञावलीचे माग भिन्न दिसू लागले. १९९३ साली टोबरमान व बेकश्टाइन यांनी माग म्हणजे आलेखातील मार्ग, अशी आकारिक मांडणी केली. २००७ साली दरान्सार, द्युकासे व फेराँ यांनी विचाराची दिशाच पालटली. निरीक्षकाच्या हाती केवळ माग असतो. त्यावरून मूळ व्यापार कितपत पुन्हा उभा करता येतो? हा प्रश्न अधिक मूलगामी मानावा लागेल. कोणत्या विधानाच्या आधारे पेटी सिद्ध झाली, हे बर्डच्या चार दारांच्या नोंदीत येतच नाही; ते मूळ विधानसंच समोर ठेवून ताडावे लागते.