शिपायाची उंची

पलटणीत दाखल होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराला मापाच्या दांड्याशी ताठ उभे करून त्याची उंची पाहण्याचा शिरस्ता अठराव्या शतकातील युरोपात दृढमूल झाला. तो निव्वळ राजेरजवाड्यांच्या हौसेतून जन्मला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कारण तोंडाकडून ठासायच्या लांब नळीच्या बंदुकीत गजाने दारू व गोळी तळाशी बसवायची, तर लांब हातांचा पुरुष ते काम बुटक्यापेक्षा सत्वर उरकीत असे. हातगोळे फेकणारे ग्रेनेडियरही याच न्यायाने धिप्पाड निवडले जात. रुंद काठाची टोपी फेकीच्या आड येई म्हणून त्यांना निमुळती उभी टोपी मिळाली, आणि कपाळावर पितळी पत्रा झळकणाऱ्या त्या टोपीमुळे मुळात उंच असलेला शिपाई आणखी वीतभर उंच दिसू लागला. पुढे हातगोळे प्रचारातून गेले. टोपी राहिली, आणि उंचीची अटही राहिली.

या अटीचे वेडात रूपांतर केले ते प्रशियाच्या पहिल्या फ्रेडरिक विल्यमने. 1713 ते 1740 या आपल्या कारकिर्दीत एरवी कवडीकवडीचा हिशेब ठेवणारा हा नृपती पॉट्सडॅमच्या आपल्या लाडक्या पलटणीसाठी सहा प्रशियन फूट, म्हणजे आजच्या मापाने सुमारे 188 सेंटिमीटर, उंचीची माणसे पाण्यासारखा पैसा ओतून देशोदेशींहून आणवी, आणि जी राजीखुशीने येत नसत त्यांना त्याचे हस्तक खुशाल पळवून आणीत. त्याने रशियाच्या पीटर बादशहास तृणमण्यांनी मढविलेले एक दालन नजर केले, तेव्हा परतभेट म्हणून बादशहाने उंचनिंच जवान धाडले. मनुष्यप्राणी नजराण्याच्या यादीत बसवण्याचा हा प्रकार उभयतांपैकी कोणालाच चमत्कारिक वाटला नाही. राजाच्या पश्चात गादीवर आलेल्या मुलाने, म्हणजे पुढे थोर म्हणून गाजलेल्या दुसऱ्या फ्रेडरिकने, ती खर्चिक पलटण तात्काळ मोडून अवघी एक तुकडी शिल्लक ठेवली.

हिंदुस्थानात कंपनी सरकारनेही हाच दंडक आणला. बंगालच्या फौजेत अवध व बिहार या मुलखांतील उंच, देखण्या उच्चवर्णीयांवर अंमलदारांचा विशेष लोभ असे. मुंबईच्या फौजेत मात्र कोकण व देशावरील नाना जातींचे, अंगलटीने लहान पण काटक लोक भरले जात, आणि कवायतीच्या मैदानावर ते कमी शोभत म्हणून डोंगर चढताना कमी पडत असे काही नव्हते.

दंडकाची खरी परीक्षा 1914 साली झाली. महायुद्धाच्या आरंभी इंग्लंडात स्वयंसेवकांची इतकी रीघ लागली, की सप्टेंबरात किमान उंची 5 फूट 3 इंचांवरून 5 फूट 6 इंचांवर नेण्यात आली, आणि माणसांची चणचण भासू लागताच नोव्हेंबरापर्यंत ती मुकाट्याने पूर्वपदावर आली. सैनिकाच्या लायकीत या दोन महिन्यांत काय फरक पडला, हे सरकारी दफ्तर सांगत नाही. त्याच हिवाळ्यात बर्कनहेडचे पार्लमेंट सभासद आल्फ्रेड बिगलंड यांच्या खटपटीने पाच फूट ते पाच फूट तीन इंच उंचीच्या लोकांच्या निराळ्या पलटणी उभ्या राहिल्या, आणि बँटम नावाच्या छोट्या लढाऊ कोंबड्यावरून त्यांचे नाव पडले. त्यांत खाणींत राबून दंड कमावलेले मजूर पुष्कळ होते. खंदकाच्या कडेवरून पलीकडचे दिसावे म्हणून या शिपायांना पायाखाली वाळूची पोती रचावी लागत. एवढ्या एका गैरसोयीपायी त्यांना आधी घरी बसवले होते!

आखाड्याने हा प्रश्न अधिक शहाणपणाने सोडवला, असे मला वाटते. ऑलिंपिकच्या कुस्तीत मल्लांची विभागणी वजनाने होते, उंची कोणी विचारीत नाही, आणि 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक पटकावले ते बँटमवेट गटातच. भरतीच्या मैदानावर मात्र दांडा अद्याप उभा आहे: महाराष्ट्रात पोलीस शिपाई होऊ पाहणाऱ्या पुरुषास 165 सेंटिमीटर उंची लागते, आणि भारतीय सेनेत ज्या गुरख्यांच्या पराक्रमाबद्दल कोणालाच शंका नाही, त्यांना 157 पुरतात.