सोंगातली नवरी

दिवाळी झाली, धान हाती येऊ लागलं की आमच्या मोहाडीकडच्या गावांतून मंडया भरू लागतात. दिवसा बाजार आणि रात्री दंडार, नाही तर खडी गंमत. खडी गंमत म्हणजे उभ्या उभ्या करायचा खेळ. शाहीर, ढोलकीवाला आणि नाच्या. नाच्या म्हणजे बाईचं सोंग घेणारा पुरुष. आमच्या मोहल्ल्यातला एक दादा हे काम करी. दिवसभर बांधीत मजुरी आणि रात्री लुगडं नेसून सवालजवाब. ते लुगडं माझ्या आईचं असे. मंडईच्या आदल्या दिवशी तो ते मागून नेई आणि खेळ झाला की धुऊन, घडी घालून परत आणून देई.

पुढे कॉलेजात शेक्सपिअर अभ्यासाला आला. राणी एलिझाबेथच्या काळातल्या, म्हणजे 1558 ते 1603 या काळातल्या, प्रेमप्रधान सुखात्मिकेची लक्षणं सरांनी फळ्यावर लिहून दिली. आडवा येणारा बाप किंवा कायदा, घर सोडून रानात जाणं, वेषांतर, ओळखीचा घोटाळा, गाणी, एक विदूषक आणि शेवटी लग्न. आम्ही ती पाठ केली. मग सर सहज म्हणाले की, त्या काळी इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर बायका नसत, नायिकेचं काम कोवळ्या वयाची मुलं करत. मी वहीतून मान वर केली. मला एकदम आमचा दादा आठवला.

‘ॲज यू लाइक इट’ हे नाटक 1599 च्या सुमाराचं. त्यातली रोझलिंड राजवाड्यातून हाकलली जाते आणि पुरुषवेषात आर्डेनच्या रानात जाते. तिथं तिचा प्रियकर तिला ओळखत नाही. ती त्याला म्हणते, मलाच रोझलिंड समज आणि प्रेम कसं करतोस ते दाखव. आता हिशेब करा. रंगमंचावर मुलगा, त्यानं सोंग घेतलंय मुलीचं, त्या मुलीनं मुलाचं आणि त्या मुलानं पुन्हा मुलीचं! हा घोळ नुसता हसण्यापुरता नव्हता. बापाच्या हुकमात वाढलेल्या मुलीला नवरा पारखून घ्यायचा, त्याला चार शब्द सुनवायचे, तर अंगावर पुरुषाचे कपडे लागत. नाटकानं तिला तेवढी दोन-तीन तासांची मोकळीक दिली. धर्मनिष्ठ प्युरिटन मंडळींना मात्र हे खपत नव्हतं. फिलिप स्टब्स यांनी 1583 साली पुस्तक लिहून नाटकांवर आणि बायकी-पुरुषी वेषांच्या सरमिसळीवर कडाडून टीका केली.

मराठीला वेषांतर परकं नव्हतंच. किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये अर्जुन संन्यासी होऊन सुभद्रेच्या घरी येतो. ते नाटक 1882 चं. नागपुरात जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 1896 च्या ‘वीरतनय’पासून असा कल्पनारम्य मालमसाला भरपूर वापरला, माझ्या मते जरा जास्तच. वासुदेवराव केळकरांनी शेक्सपिअरची ‘टेमिंग ऑफ द श्रू’ मराठीत ‘त्राटिका’ म्हणून आणली, तेव्हा शाहूनगरवासी मंडळीत त्राटिकेचं काम बाळाभाऊ जोग करत.

पण या सगळ्यांत मला महत्त्वाचं वाटतं ते खाडिलकरांचं ‘मानापमान’, 1911 सालचं. भामिनी श्रीमंताची लेक. गरीब धैर्यधराला ती तुच्छ लेखते आणि मग वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्याच छावणीत जाते. रोझलिंडसारखीच तीही प्रियकराला सोंगाआडून पारखते. फरक एवढाच की रोझलिंड स्त्री-पुरुषांमधलं कुंपण ओलांडते, तर भामिनी पैशाचं. आपल्याकडं लग्न अडायचं ते घराण्यावर आणि पैशावर. खाडिलकरांनी नेमकं तिथं बोट ठेवलं. आणि भामिनी होते बालगंधर्व. एक पुरुष श्रीमंत बाई होऊन गरीब बाईचं सोंग घेत होता आणि त्या काळच्या घरंदाज बायका म्हणे त्यांच्या लुगड्यांची नक्कल करत.

या नाटकांचा शेवट लग्नानं होतो, हे आम्ही परीक्षेत लिहिलं. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये तर एका दमात चार जोडपी उजवली जातात. पण मांडवाबाहेर कोण राहतं, हे लिहायला कुणी सांगितलं नाही. जाक्वीझ नावाचा उदास माणूस त्या लग्नघरातून निघून जातो. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला माल्व्होलियो सूड घेईन म्हणत बाहेर पडतो. त्याच नाटकात मित्रासाठी जीव धोक्यात घालणारा अँटोनियो शेवटी नुसता उभा असतो. त्याच्या वाट्याला एक वाक्यही नाही.

इंग्लंडमध्ये 1642 साली नाटकगृहं बंद झाली. 1660 मध्ये उघडली तेव्हा बायका रंगमंचावर आल्या आणि त्या मुलांचं काम संपलं. मराठीत हे रुळायला बरीच वाट पाहावी लागली. झाडीपट्टीत त्याला आणखी वेळ लागला.

मी एम.ए. होऊन कॉलेजात शिकवायला लागलो, त्या वर्षीची गोष्ट. दादा तिशी ओलांडून गेला होता. मंडईत किती वेळा नवरी झाला असेल, पण त्याला मुलगी कुणी देत नव्हतं. आमच्या नात्यातल्या एका मुलीसाठी कुणीतरी त्याचं नाव काढलं. ओसरीवर बैठक बसली. वडील म्हणाले, “लुगडं नेसणाऱ्याच्या घरी पोरगी द्याची का?” सगळे हसले. आई दारात उभी होती, ती आत गेली. त्याच आठवड्यात मी वर्गात रोझलिंड शिकवत होतो. बैठकीत मात्र माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्या वर्षी मंडईच्या आदल्या दिवशी आईनं लुगडं काढून ओसरीवर ठेवलं. दादा ते न्यायला आला नाही.