चार्ल्स डिकन्स : कारखान्यातलं बालपण

चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराचं नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’, ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ या त्याच्या कादंबऱ्या जगभर गाजल्या. परंतु हा मोठा लेखक बाराव्या वर्षी कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवत होता आणि त्याच वेळी त्याचा बाप कर्जापायी तुरुंगात होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मी सूतगिरणीतला साधा कामगार. शिक्षण दहावीपर्यंत, तेही थोरल्या भावानं चौथीत शाळा सोडून हॉटेलात कपबश्या विसळल्या म्हणून. पुढचं काय ते वाचन पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून झालं. तिथं डिकन्सच्या लहानपणाची हकिकत वाचली आणि ती काही डोक्यातून जाईना. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तीच आपल्यापुढे ठेवतो.

चार्ल्सचा जन्म 7 फेब्रुवारी 1812 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथ या बंदरात झाला. त्याचे आजोबा एका श्रीमंत घराण्याच्या वाड्यावर नोकरीला होते, आजीही तिथंच घरकामाची देखरेख करायची. म्हणजे दोन पिढ्यांमागे चाकरीच. बाप जॉन डिकन्स मात्र आरमाराच्या पगार कचेरीत कारकून झाला. माणूस बोलका, दिलदार, पण हात सैल. पगारापेक्षा खर्च कायम जास्त. घरात आठ भावंडं झाली, त्यांत चार्ल्स दुसरा.

1817 साली बापाची बदली चॅटम या गावी झाली. तिथली पाच वर्षं चार्ल्सच्या सुखाची. अक्षरओळख आईनं करून दिली. नंतर विल्यम जाइल्स नावाच्या तरुण मास्तरांच्या शाळेत त्याला घातलं. मास्तरांनी पोराची हुशारी ओळखली. घराच्या माळ्यावर बापाची काही पुस्तकं पडली होती. ‘रॉबिन्सन क्रूसो’, ‘डॉन किहोटे’, अरबी सुरस कथा. तब्येतीनं किरकोळ असलेला हा पोरगा खेळायला न जाता तिथं बसून वाचायचा. जवळच गॅड्स हिल नावाचं एक मोठं घर होतं. बाप त्याला म्हणायचा, खूप मेहनत केलीस तर एक दिवस तू या घरात राहशील. हे बोलणं पोरानं मनात धरलं.

1822 साली कुटुंब लंडनला आलं आणि चार्ल्सची शाळा सुटली. त्याला परत शाळेत घालायचं कोणाच्या ध्यानातच येईना. सकाळी बापाचे बूट पुसायचे, धाकट्या भावंडांना सांभाळायचं, बाजारहाट करायचा. थोरली बहीण फॅनी हिला मात्र संगीताच्या अकादमीत प्रवेश मिळाला. तिला शिकायला जाताना बघून त्याला काय वाटत असेल? इकडे देणेकरी दारावर येऊ लागले. आईनं घरातच शाळा काढायचं ठरवलं, दारावर पितळी पाटी लावली, चार्ल्सनं घरोघरी पत्रकं वाटली. एकही विद्यार्थी आला नाही. मग घरातल्या वस्तू एकेक करून विकायला आणि गहाण टाकायला सुरुवात झाली. सगळ्यांत आधी गेली ती पुस्तकं. ज्या पोराला त्या पुस्तकांचं वेड, त्याच्याच हातानं ती दुकानात पोचती झाली.

इथं मला सुभेदार रामजी आठवल्याशिवाय राहत नाहीत. भिवाला पुस्तक पाहिजे म्हणून त्यांनी लग्न झालेल्या लेकींचे दागिने मागून आणून गहाण ठेवले. एका घरात भाकरीसाठी पुस्तकं गेली, दुसऱ्या घरात पुस्तकासाठी दागिने गेले. गरिबी दोन्हीकडे होती.

फेब्रुवारी 1824. चार्ल्सला नुकतंच बारावं वर्ष पुरं झालेलं. जेम्स लॅमर्ट नावाचा एक नातलग बुटाचं काळं पॉलिश बनवणाऱ्या कारखान्यात कारभार बघत होता. त्यानं आईबापांना सुचवलं, पोराला आमच्याकडे पाठवा, आठवड्याला सहा-सात शिलिंग मिळतील. आईबापांनी आनंदानं हो म्हटलं. कारखाना थेम्स नदीच्या काठी, हंगरफर्ड घाटाच्या पायऱ्यांजवळ. पडकं घर, कुजलेल्या फळ्या, तळघरात उंदरांचा सुळसुळाट. काम असं की, पॉलिशच्या बरणीवर आधी तेलकट कागद, त्यावर निळा कागद, मग दोरी बांधायची, कडेनं कागद नीट कातरायचा आणि शेवटी छापील लेबल चिकटवायचं. एक झाली की दुसरी, सकाळपासून रात्रीपर्यंत. ज्यांनी खात्यात उभं राहून तुटलेले धागे जोडले आहेत त्यांना हे काम काय असतं ते समजावून सांगायला नको. हात चालतो आणि डोकं मरतं.

कामाला लागून दोन आठवडेही झाले नव्हते तेवढ्यात बापाला पकडलं. एका पाववाल्याचे 40 पौंड 10 शिलिंग देणं होतं. त्या काळी इंग्लंडात कर्ज फेडता आलं नाही तर तुरुंगात टाकत आणि बायकापोरांनाही तिथं राहता येई. मार्शलसी नावाच्या तुरुंगात आई धाकट्या मुलांसह राहायला गेली. चार्ल्स बाहेर, परक्या बाईच्या घरी, भाड्याच्या जागेत. दर रविवारी तो आणि फॅनी तुरुंगात भेटायला जायचे. बाप रडत रडत सांगायचा, मिळकतीपेक्षा एक शिलिंगही जास्त खर्च करू नकोस. शहाणपण होतं, पण उशिरा आलेलं.

आठवड्याचा पगार मिळाला की चार्ल्स त्या पैशाच्या सहा पुड्या बांधायचा, रोजची एक, आणि प्रत्येकीवर वाराचं नाव लिहायचा. तरी कधी कधी वाटेत शिळा केक स्वस्तात दिसला की मोह व्हायचा आणि दुपारच्या जेवणाचे पैसे सकाळीच संपायचे. बारा वर्षांचंच पोर ते.

त्या कारखान्यात बॉब फेगिन नावाचा एक पोरगा होता. आईबाप नसलेला, बहिणीच्या नवऱ्याकडे राहणारा. पहिल्या दिवशी दोरीची गाठ कशी मारायची ते यानंच चार्ल्सला शिकवलं. एकदा चार्ल्सच्या कुशीत जोराची कळ आली. बॉबनं त्याला गवतावर निजवलं, रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरलं आणि अर्धा दिवस त्याची कूस शेकली. संध्याकाळी तो त्याला घरी पोचवायला निघाला. बाप तुरुंगात आहे हे चार्ल्सला कळू द्यायचं नव्हतं. त्यानं वाटेत एका भलत्याच घरापुढे उभं राहून, हेच माझं घर, असं सांगितलं, बॉबचा निरोप घेतला आणि त्यानं मागं वळून बघितलं तर खरं वाटावं म्हणून दारही वाजवलं. बाई बाहेर आल्यावर तिलाच विचारलं, बॉब फेगिन इथंच राहतात का?

28 मे 1824 रोजी बाप सुटला. वारलेल्या आजीचे थोडे पैसेही मिळणार होते. आता पोराला कारखान्यातून काढतील असं कोणालाही वाटेल. पण काढलं नाही. कारखाना नव्या जागी गेला. तिथं उजेडासाठी पोरांना रस्त्याकडच्या खिडकीत बसवत आणि येणारेजाणारे त्यांची चपळाई बघत उभे राहत. किती दिवस हे चाललं ते चार्ल्सला स्वतःलाही पुढे सांगता आलं नाही. वर्ष असेल, कमी असेल, जास्तही असेल.

शेवटी बापाचं आणि लॅमर्टचं भांडण झालं आणि चार्ल्सचं काम सुटलं. दुसऱ्या दिवशी आई जाऊन भांडण मिटवून आली. पोराला परत पाठवा, असा निरोपही घेऊन आली. बाप म्हणाला, नाही, पोरगा आता शाळेत जाईल. एवढ्या एका शब्दावर पुढचा डिकन्स उभा आहे. आईनं आपल्याला परत पाठवायचं म्हटलं, हे तो मरेपर्यंत विसरला नाही. मला विचाराल तर ती बाई दुष्ट नव्हती. घरात खाणारी तोंडं किती आणि सहा-सात शिलिंगांत पाव किती येतो, याचा हिशेब तिलाच करावा लागत होता. आपल्या आयाबहिणींनाही हा हिशेब करावा लागला आहे. परंतु पोराला तो हिशेब दिसत नाही. त्याला आपल्याला कुठं धाडलं एवढंच दिसतं.

मग वेलिंग्टन हाउस अकॅडमी नावाच्या शाळेत त्याला घातलं. हेडमास्तर छडीचे शौकीन. शिक्षण बेताचंच. तरी शाळा ती शाळा. तीही 1827 साली सुटली, कारण घरावर पुन्हा भाडं थकण्याची पाळी आली. वय पंधरा. शाळेचं शिक्षण तिथं संपलं ते संपलंच.

मे 1827 मध्ये तो ग्रेज इनमधल्या एका वकिलाच्या कचेरीत पोऱ्या कारकून म्हणून लागला. तिथं त्याला कळलं की या कामात आपण असेच खितपत पडू. त्यानं शॉर्टहँडचं पुस्तक घेतलं आणि ती अवघड लिपी रात्रंदिवस घोकून पक्की केली. अठरा वर्षं पुरी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 8 फेब्रुवारी 1830 रोजी, त्यानं ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचं कार्ड काढलं. कोर्टातलं काम नसेल तेव्हा तिथं बसून शेक्सपिअर, इंग्लंडचा इतिहास वाचायचा. कॉलेज त्याला मिळालं नाही, हे वाचनालय हेच त्याचं कॉलेज.

ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियम ही दोन्ही नावं आपल्या ओळखीची आहेत. बाबासाहेबांनी ग्रेज इनमधूनच 1922 साली बॅरिस्टरी मिळवली आणि त्याच म्युझियमच्या वाचनालयात अर्धपोटी राहून तासन् तास अभ्यास केला. तोवर वाचनालयाची गोल इमारत नवी झाली होती, ती 1857 सालची. दोघांची परिस्थिती सारखी होती असं मी म्हणत नाही. डिकन्सला गरिबी होती, पण त्याचा स्पर्श कोणाला बाटवत नव्हता. अंगात कोट आला आणि हातात कला आली की दारं उघडली. बाबासाहेब 1917 साली परदेशातून शिकून आले, तरी बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. गरिबी आणि जात यांतला हा फरक विसरून चालणार नाही.

शॉर्टहँडच्या जोरावर डिकन्स आधी कोर्टाचा आणि मग पार्लमेंटचा बातमीदार झाला. गॅलरीच्या मागच्या बाकावर गुडघ्यावर कागद ठेवून भाषणं उतरवायची. निवडणुकीच्या सभांसाठी गावोगाव फिरायचं आणि रात्री धावत्या घोडागाडीत कंदिलाच्या उजेडात बातमी लिहायची. याच काळात, 1833 साली, पार्लमेंटनं कायदा करून बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी केली. लेबलं चिकटवणाऱ्या पोरांना तो लागू नव्हता. आपल्याकडे पहिला फॅक्टरी कायदा 1881 साली आला, तोही फक्त सात वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवू नका म्हणणारा.

डिसेंबर 1833 मध्ये त्याची पहिली कथा एका मासिकात छापून आली. मानधन काही नाही. अंक विकत घेतला आणि डोळे भरून आले, तेव्हा लोकांना दिसू नये म्हणून तो अर्धा तास वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये जाऊन राहिला. 1834 पासून ‘बॉझ’ या टोपणनावानं लिहू लागला. 1836 साली लेखांचं पहिलं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी दरमहा एक शिलिंगाच्या भागांत सुरू झाली. सुरुवातीला काहीशे प्रती, शेवटी 40,000. कामगार, नोकरचाकरही ती मिळून विकत घेत आणि एकानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. चोविसाव्या वर्षी तो नावारूपाला आला. पुढे 1856 साली त्यानं ते गॅड्स हिलचं घर विकत घेतलं आणि 9 जून 1870 रोजी तिथंच त्याचा अंत झाला.

पण एवढं नाव होऊनही कारखान्याची गोष्ट त्यानं लपवून ठेवली. पोटच्या पोरांनाही सांगितली नाही. फक्त जॉन फॉर्स्टर या मित्राला लिहून दिली. त्यानं लिहिलेल्या चरित्रातून ती जगाला कळली तेव्हा डिकन्स हयात नव्हता. आणि ज्या बॉबनं त्याची कूस शेकली, त्याचं फेगिन हे नाव त्यानं ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या, पोरांना चोरी शिकवणाऱ्या खलनायकाला दिलं. हे मला पटत नाही. बॉबचा गुन्हा एवढाच की त्यानं त्याला त्या हालात पाहिलं होतं. माणूस मोठा असला तरी त्याचं सगळंच मोठं नसतं. 1857च्या उठावाच्या वेळी याच डिकन्सनं आपल्या देशातल्या लोकांना नष्ट करावं अशा अर्थाचं एका पत्रात लिहिलं. तेही आपल्याला माहीत असावं.

चार्ल्ससाठी ‘शाळेत जाईल’ म्हणणारा बाप होता. बॉबला बापच नव्हता. माझ्या घरात बॉब म्हणजे माझा थोरला भाऊ. त्यानं कपबश्या विसळल्या म्हणून मी आज हा लेख लिहितो आहे. हे मी त्याला तोंडानं कधी सांगितलं नव्हतं. इथं लिहून सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलानं कॉलेजच्या अर्जात बापाच्या व्यवसायापुढे नुसतं ‘नोकरी’ लिहिलं. गिरणी कामगार लिहायला त्याचा हात धजला नाही. तेव्हा मी रागावलो. डिकन्स वाचल्यावर मात्र वाटलं, चूक माझीही आहे. खात्यात मी काय काम करतो, हे मी त्याला कधी बसवून सांगितलंच नव्हतं.

बंधू-भगिनींनो, दहावी-बारावीच्या तोंडावर पोरगा किंवा पोरगी कामाला लावायची की शिकवायची, हा सवाल आपल्या वस्तीत आजही उभा राहतो. अडचण खरी असते, हिशेबही खरा असतो. अशा वेळी घरातल्या एकानं तरी जॉन डिकन्ससारखं ‘शाळेत जाईल’ म्हणावं. घरात कोणीच म्हणणारं नसेल, तर विहारातल्या आपण चौघांनी जाऊन म्हणावं. बॉबसाठी तसं जाणारं कोणी नव्हतं. आपल्या वस्तीतल्या पोरांसाठी आपण आहोत.