ओसीडी: दहा वेळा बघूनही गॅस बंद केल्याची खात्री का वाटत नाही?

गॅस बंद केलाय, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तरी अर्धा जिना उतरून परत वर. ओसीडी असलेल्यांची स्मरणशक्तीच कच्ची, असं अनेकांना वाटतं. पण ते खरं नाही.

ओटीपी वाचून टाइप करेपर्यंत आपण तो डोक्यात धरून ठेवतो, ती ‘वर्किंग मेमरी’. यात कपाळामागच्या मेंदूचा मोठा वाटा असतो. ओसीडीत साधी कामं सहसा जमतात. एकाच वेळी बरंच काही, विशेषतः कुठली वस्तू कुठे होती हे लक्षात ठेवायचं झालं, की काही जण अडखळतात.

खरी मेख वेगळीच आहे. २००३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी निरोगी लोकांना कॉम्प्युटरवरची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. कोणते बर्नर तपासले हे सांगताना त्यांच्या चुका वाढल्या नाहीत. मात्र आठवण धूसर झाली, तिच्यावरचा विश्वास घसरला. दुसऱ्या गटाने शेगडीऐवजी बल्ब तपासले; त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे तपासण्यानेच शंका वाढते!

म्हणून ‘ईआरपी’ या उपचारात शंका आली तरी न तपासता थांबायचा सराव तज्ज्ञ करून घेतात. घरच्यांनी दर वेळी ‘अरे, बंद आहे’ म्हणणं हेही शंकेला खतपाणीच. मदत हवी असल्यास सरकारची मोफत टेली-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६.