न धांवलेली शर्यत

बीड जिल्ह्याच्या पश्चिम कडेला आष्टी तालुका आहे, व त्या तालुक्यांत मांडवा नांवाचें एक लहान गांव आहे. पर्जन्यछायेंतील हा मुलूख. पाणी बेताचें, शेती पावसाच्या लहरीवर, आणि दिवाळी जवळ आली कीं ऊसतोडीसाठीं बाहेर पडणाऱ्या गाड्यांची वर्दळ. ह्याच गांवीं १९९४ सालीं जन्मलेले अविनाश साबळे ज्या शर्यती धांवले त्यांची हकीकत आज पुष्कळांस ठाऊक आहे. जी एक शर्यत ते धांवले नाहींत तिची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. आणि खेळाडूचा देह, त्याची उपजीविका व देशाचा त्याच्यावरील हक्क ह्या तिहींचा गुंता समजून घेण्यास तीच अधिक उपयोगी आहे.

२०२३ च्या जुलै महिन्यांत, १२ पासून १६ तारखेपर्यंत, बँकॉक येथें आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा भरली. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्यें साबळे यांच्या तोडीचे धांवपटू त्या वेळीं आशिया खंडांत थोडेच होते. आदल्या वर्षीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत ८ मिनिटें ११.२० सेकंद ही वेळ देऊन त्यांनीं रौप्यपदक मिळविलें होतें, व सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदानें हुकलें होतें. तरीहि बँकॉकला गेलेल्या भारतीय संघांत त्यांचें नांव नव्हतें. ऑगस्टमध्यें बुडापेस्ट येथें होणाऱ्या जागतिक स्पर्धेची तयारी, हें त्याचें कारण. बँकॉकची स्पर्धा ज्या दिवशीं संपली त्याच दिवशीं साबळे पोलंडमधील सिलेशिया येथें डायमंड लीगच्या शर्यतींत उतरले होते. तेथें ते सहावे आले. परंतु ८ मिनिटें ११.६३ सेकंद ह्या वेळेनें २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची पात्रता त्यांनीं वर्षभर आधींच पदरांत पाडून घेतली.

डायमंड लीग हा देशादेशांतील सामना नव्हे. तेथें खेळाडूस व्यक्तिशः निमंत्रण येतें, क्रमांकाप्रमाणें बक्षिसाची रक्कम मिळते, पदकांचा तक्ता लागत नाहीं आणि राष्ट्रगीतहि वाजत नाहीं. तेव्हां मानाची शर्यत टाकून पैशाची शर्यत धरली, असा आरोप करणें फार सोपें आहे. तो तोलण्यापूर्वीं ही शर्यत कोणत्या जातीची आहे हें पाहिलें पाहिजे. साडेसात फेऱ्यांत तीन फूट उंचीचे अठ्ठावीस अडसर ओलांडावयाचे. ते जड लांकडाचे असतात, पाय लागला तर अडसर पडत नाहीं, माणूस पडतो. ह्याखेरीज सात वेळां अडसरापलीकडचें बारा फूट लांबीचें पाणी. थकलेल्या पायांनीं एका पायावर ओल्या उतारावर उतरतांना गुडघ्यावर व घोट्यावर जो भार येतो, तो सपाट शर्यतींत कधींच येत नाहीं. असल्या शर्यतींत वर्षांतून किती वेळां उतरावें ह्याचा हिशेब काटेकोरपणें ठेवावाच लागतो. पण तो हिशेब ठेवण्याचा अधिकार कोणाचा, आणि देह मोडला तर नुकसान कोणाचें?

हा प्रश्न बीड जिल्ह्यास नवा नाहीं. ऊसतोडीचा करार नवरा-बायकोच्या जोडीशीं होतो. त्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामापूर्वीं उचल घ्यावयाची, ती अंगमेहनतीनें फेडावयाची, आणि एखादा दिवस काम चुकलें तर खाडा. ह्या खाड्याच्या धास्तीनें जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांनीं गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर करून घेतल्या, ही गोष्ट २०१९ सालीं उघडकीस आली, व राज्य सरकारास चौकशी-समिती नेमावी लागली. देह हेंच ज्याचें भांडवल आहे, आणि तें झिजलें असतां भरून देणारा कोणी नाहीं, त्याची स्थिति किती बिकट असते ह्याचा ह्याहून कठोर दाखला मिळणार नाहीं. खेळाडूंच्या नाराजीचा विचार करतांना तो विसरतां कामा नये.

साबळे ह्या स्थितींतून सैन्याच्या वाटेनें बाहेर पडले. बारावी झाल्यावर ते महार रेजिमेंटच्या पांचव्या पलटणींत दाखल झाले. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचा उन्हाळा त्यांनीं शिपाई म्हणून काढला. लहानपणीं सहा किलोमीटर चालत वा धांवत शाळा गांठणाऱ्या ह्या तरुणानें शर्यतींकडे लक्ष दिलें तें २०१५ सालीं, सैन्याच्या क्रॉस-कंट्री स्पर्धेच्या निमित्तानें. तीन वर्षांनीं भुवनेश्वर येथें त्यांनीं गोपाळ सैनी यांचा १९८१ पासून अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यांना पगार होता, हुद्दा होता, आणि दुखापत झाली तरी चूल विझणार नव्हती. म्हणून त्यांनीं टाळलेली शर्यत ही पोटासाठीं टाळलेली शर्यत नव्हे. मोठ्या शर्यतीसाठीं टाळलेली लहान शर्यत होय.

अमेरिकेंतील विद्यापीठीय फुटबॉलमध्यें हाच प्रश्न उलट्या बाजूनें उभा राहिला. तेथें हंगाम संपल्यावर नाताळ व नववर्षाच्या सुमारास निमंत्रितांचे सामने होतात. त्यांना ‘बोल’ म्हणतात, व त्यांतील सर्वांत जुना रोझ बोल १९०२ सालीं प्रथम खेळला गेला. ह्या सामन्यांवर विद्यापीठें व दूरचित्रवाणी कंपन्या अमाप पैसा मिळवीत, आणि खेळाडू मात्र हौशी विद्यार्थी म्हणून वेतनाविना खेळत. व्यावसायिक संघांची निवड होई ती त्यानंतर, एप्रिलच्या अखेरीस. १ जानेवारी २०१६ रोजीं फिएस्टा बोलमध्यें नोत्र दाम विद्यापीठाच्या जेलन स्मिथ याचा गुडघा निखळला व मज्जातंतूसहि इजा झाली. पहिल्या कांहीं खेळाडूंत ज्याची गणना होत होती तो निवडींत चौतिसाव्या क्रमांकावर गेला, आणि पुढचा संपूर्ण हंगाम त्यास बसून काढावा लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लिओनार्ड फोर्नेट व ख्रिश्चन मॅकॅफ्री ह्या दोघांनीं आपापल्या विद्यापीठाचा बोल सामना खेळण्याचें नाकारलें. सहकाऱ्यांस सोडून गेले म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. परंतु पुढील एप्रिलांत फोर्नेट चौथा व मॅकॅफ्री आठवा निवडला गेला, आणि त्यांनीं पाडलेली वाट पुढें रहदारीची झाली. वेतन न देतां निष्ठा मागणाऱ्या संस्थेस ह्या मुलांनीं दिलेला जबाब न्याय्यच म्हटला पाहिजे. २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंस आपल्या नांवावर पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली, व २०२५ मध्यें विद्यापीठांनीं त्यांस प्रत्यक्ष मोबदला देण्याचा मार्गहि खुला झाला. तरीहि बोल टाळणें थांबलें नाहीं.

मराठी मुलुखाच्या ओळखीचा दाखला पाहावयाचा तर १९५२ हें साल घ्यावें. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीस जाण्यासाठीं त्या वर्षीं पै-पैशाची जुळवाजुळव करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं त्यासाठीं आपलें घर गहाण ठेवल्याचें सांगतात. त्या उन्हाळ्यांतच विनू मंकड लँकेशायरमधील हॅस्लिंग्डन क्लबाचे पगारी खेळाडू होते. इंग्लंडच्या दौऱ्यासाठीं निवड होईल अशी हमी त्यांनीं मंडळाकडे मागितली होती. ती मिळाली नाहीं, म्हणून त्यांनीं क्लबाचा करार पत्करला. लीड्सच्या पहिल्या कसोटींत दुसऱ्या डावांत भारताचे चार गडी शून्य धांवांवर बाद झाले, तेव्हां मंडळास जाग आली, आणि क्लबाच्या विनवण्या करून मंकडांना मागून घ्यावें लागलें. लॉर्ड्सवर त्यांनीं ७२ व १८४ धांवा केल्या, ७३ षटकें टाकून पांच बळी घेतले, आणि तरीहि भारत हरला. मंकडांना कोणी देशद्रोही ठरविलें नाहीं; कारण हमी नाकारणारें मंडळ कोणत्या तोंडानें बोलणार होतें?

फेब्रुवारी २०२४ मधला प्रसंग इतका सरळ नाहीं. मुंबईचे श्रेयस अय्यर पाठदुखीचें कारण सांगून बडोद्याविरुद्धच्या रणजी उपान्त्यपूर्व सामन्यास उभे राहिले नाहींत. झारखंडचे ईशान किशन हेहि त्या मोसमांत रणजीपासून दूर राहिले. येऊं घातलेल्या आयपीएलसाठीं शरीर जपलें जात आहे अशी बोलवा उठली, आणि २८ फेब्रुवारीस मंडळानें वार्षिक करारांची यादी जाहीर केली तींत दोघांचींहि नांवें नव्हतीं. अय्यर त्यानंतर उपान्त्य व अंतिम सामना खेळले. वानखेडेवर विदर्भाविरुद्ध त्यांनीं ९५ धांवा केल्या व मुंबईनें बेचाळिसाव्या वेळीं करंडक जिंकला. दुखण्याचा खरेखोटेपणा बाहेरच्यानें ठरवूं नये. पण मंडळ ज्यास वर्षाचें मानधन देतें व ज्याच्या दुखापतीचा इलाज करतें, त्याच्यावर मंडळाचा हक्क अमेरिकेंतील विद्यापीठाच्या हक्काहून अधिक आहे, हें मान्य केलें पाहिजे. दुसरी बाजू अशी कीं, रणजीचें मोल कमी करणारी आयपीएल २००८ सालीं ह्याच मंडळानें सुरू केली. २०२१ मध्यें ठरलेल्या दरानें रणजींतील नव्या खेळाडूस दिवसाला ४० हजार व मुरलेल्यास ६० हजार रुपये. आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावांत अय्यरांची किंमत झाली २६ कोटी ७५ लाख. तराजूचीं पारडीं अशीं ठेवल्यावर कांटा कोणीकडे झुकेल ह्याचें मंडळास नवल वाटावयास नको होतें.

ह्या वादांत ज्याचें नांव कोणी घेतलें नाहीं असा एक मुलगा त्याच महिन्यांत बीडला घरोघर माहीत झाला होता. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील बेनोनी येथें एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत चार गडी ३२ धांवांत गेलेले असतां बीडच्या सचिन धस यानें ९६ धांवा काढल्या व संघास अंतिम सामन्यांत नेलें. ऑक्टोबरांत हाच मुलगा महाराष्ट्राकडून मुंबईविरुद्ध रणजी सामना खेळला व ९८ धांवांवर बाद झाला. त्या सामन्यांत अय्यर यांनीं मुंबईसाठीं १४२ धांवा केल्या होत्या. बीडहून येणाऱ्या मुलास रणजी ही शिडी आहे, आणि वरच्या पायरीवरचे लोक तिजवर पाय ठेवतात तोंवरच ती शिडी भक्कम राहते. अय्यरांची गैरहजेरी विद्यापीठाच्या तिजोरीस नव्हे, धससारख्यांस महाग पडते.

साबळे यांच्या टाळलेल्या शर्यतीनें असें कोणाचें नुकसान केलें नाहीं. त्यांची जागा दुसऱ्या कोणास मोकळी झाली इतकेंच. मात्र हिशेबहि पुरता जमला नाहीं. बुडापेस्टला १९ ऑगस्ट २०२३ रोजीं प्राथमिक फेरींतच ते सातवे आले व अंतिम शर्यत हुकली. लगेच १ ऑक्टोबरला हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत ८ मिनिटें १९.५० सेकंदांत सुवर्णपदक, आणि पुढील वर्षीं पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी. स्टीपलचेसमध्यें ती गांठणारे ते पहिले भारतीय पुरुष. तेथें ते अकरावे आले.

२०२५ सालीं आशियाई अजिंक्यपद स्पर्धा दक्षिण कोरियांतील गुमी येथें भरली, तेव्हां मात्र साबळे आवर्जून गेले, आणि ८ मिनिटें २०.९२ सेकंदांत जिंकले. १९८९ मध्यें दीनाराम यांनीं मिळविलेल्या सुवर्णपदकानंतर छत्तीस वर्षांनीं ह्या शर्यतीचें सुवर्णपदक भारताकडे आलें. सहा आठवड्यांनीं, ११ जुलै रोजीं, मोनॅको येथील डायमंड लीगच्या शर्यतींत पाण्याच्या अडसराशीं ते पडले. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, गादीसहि इजा झाली, व शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरांत टोकियोच्या जागतिक स्पर्धेंत स्टीपलचेसची शर्यत लागली तेव्हां भारताचा हा सुभेदार शर्यतीबाहेर होता.