सही जुळत नाही

शिरूर कासारहून समुद्र गाठायचा म्हणजे रजेचा अर्ज आलाच. म्हणून सिंदफणेच्या पात्रात भोकाभोकांचा काळा दगड सापडला, तेव्हा समुद्री किड्यांनी पोखरलेला जीवाश्म समजून मी तो बँकेत टेबलावर महिनाभर मिरवला. शेवटी पासबुक भरून घेता घेता भूगोलाचे एक मास्तर म्हणाले, "साहेब, हा लाव्हा. ही भोकं वायूच्या बुडबुड्यांची."

बावीस वर्षं सह्या पडताळतोय मी, आणि भोकाची सही ओळखता येऊ नये! चिडून वाचायला बसलो. समुद्रातली एक शिकारी गोगलगाय दुसऱ्याच्या शिंपल्याला भोक पाडते ते गोल, तोंडाशी रुंद, आत निमुळतं. पोखरणारा स्पंज शिंपल्याची पार चाळण करतो. एक शिंपला तर खडकातच खजुराच्या आकाराचं बीळ करून राहतो, बिनभाड्याचं.

लिओनार्दो दा विंची मिलानला मोठा घोडा घडवत होता, तेव्हा शेतकऱ्यांनी त्याला डोंगरातल्या किडक्या शिंपल्यांचं पोतंभर आणून दिलं. लोक म्हणत, महापुराच्या वेळी आले असतील. त्याने वहीत हिशेब मांडला: पूर 40 दिवसांचा, शिंपल्याची चाल दिवसाला तीन-चार हात, आणि समुद्र 250 मैलांवर. जमेना. म्हणजे समुद्रच तिथे होता. (आणि हा गृहस्थ बी.कॉम. नव्हता!)

आता पंचाईत घरची. आमच्या देवघरातला शाळिग्राम गंडकीचा. त्यातलं चक्र वज्रकीटकाने कोरलं, ही गोष्ट मला वडिलांनी सांगितलेली. पण इथेही सही जुळेना. ते चक्र म्हणजे किड्याचं कोरीवकाम नव्हे. ऑक्टोपसच्या गोतावळ्यातल्या अमोनाइट नावाच्या प्राण्याचा तो वेटोळा शंख. हिमालयाच्या जागी समुद्र होता, त्या सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला. त्याचे शेवटचे भाऊबंद संपले 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे माझं पेपरवेट लाव्हारसात उकळत होतं त्याच सुमारास.

वडील गेल्यावर त्यांची गोष्ट खोडायची म्हणजे मयत खातेदाराच्या सहीवर काट मारणं. आठ दिवस गप्प राहिलो. नवव्या दिवशी आईला सांगून टाकलं.

ती ताम्हनात शाळिग्राम धरून बराच वेळ बघत राहिली.

"ह्यांना सांगायला हवं होतंस रे. आवडलं असतं." मग जरा थांबून, "समुद्रातला म्हणतोस ना? मग उद्यापासून आंघोळीच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालू का?"