कृपणाची कीव

साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी आजी काटकसरी. पाहुणा दिसताच चहात पाणी वाढवणारा कवडीचुंबक, म्हणजे अक्षरशः कवडीचे मुके घेणारा! ‘काटकसर’मधली ‘कसर’ अरबी. मूळ अर्थ मोडणे, अपूर्णांक. आजी मोडते तो तुकडा बहुधा स्वतःच्याच वाट्याचा. ‘कृपण’ मात्र संस्कृत आणि गंमत म्हणजे ‘कृपे’च्याच भावकीतला. त्याचा जुना अर्थ दीन, कीव यावी असा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःचे ‘कार्पण्य’ सांगतो, तेव्हा तो काही पैसे वाचवत नसतो. पुरता हतबल झालेला असतो. लॅटिन ‘मिसेर’ म्हणजेही दुःखी, बापडा. इंग्रजीत त्याचाच ‘मायझर’, चिक्कू माणूस, झाला.